मिठाच्या लाइनीचं वळण

मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला बेचाळीस खोल्यांची एक बैठी चाळ आहे. सरळ नाही, चांगली धनुष्यासारखी वाकलेली. बांधणारा कंत्राटदार पिऊन उभा होता, अशी चाळीतल्या सगळ्यांची पक्की समजूत. खरं कारण ठाऊक असलेलं घर एकच उरलं होतं, एकोणीस नंबरच्या सहदेवचं.

तिथून पूर्वी मिठाची लाइन जायची. मिठागरातलं मीठ मेन लाइनीपर्यंत पोचवणारा फाटा. दोन्ही अंगांना भातशेती, पलीकडे तिवरं. दिवसाला दोन फेऱ्या. मालाच्या वाघिणींच्या मागे माणसांचा एक डबा, त्यात मिठागरातल्या बाया, त्यांची पोरं आणि कोंबड्या. सहदेव या फाट्यावर चावीवाला होता. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून रुळांमधून चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी एखादी चावी सैल दिसली की ठोकून बसवायची. पुढे फाटा बंद झाला, रूळ उपटून नेले. मागे राहिला मातीचा बांध. भरतीचं पाणी चढत नाही अशी आसपास ती एकच जागा. म्हणून त्या बांधावर खोल्या उभ्या राहिल्या. पहिली खोली सहदेवची; नंबर मागाहून पडले.

त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याला त्या लाइनीबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. आता मात्र रोज कुणी ना कुणी दारात येऊन बसे. त्याने काही सांगू नये म्हणून.

चाळ पाडून इमारत व्हायची होती, प्रत्येकाला फ्लॅट मिळायचा होता. पण बांध रेल्वेचा होता असं निघालं, तर बेचाळीस कुटुंबं उपरी ठरणार. फ्लॅट राहू दे, खोलीही जाणार.

"काका, सोप्पं आहे," चाळ कमिटीचा सेक्रेटरी नितेश म्हणाला. "मोजणीवाली बाई येईल. लाइन होती का विचारेल. तुम्ही म्हणायचं, नव्हती. संपला विषय. पुढचं मी बघतो."

"बराय," सहदेव म्हणाला.

"आणि मालवणीत सुरू होऊ नका. एकदा सुरू झालात की थांबत नाही तुम्ही."

मोजणीचं काम घेतलेल्या कंपनीची गंधाली मॅडम सकाळी दहाला आली. हातात टॅब, डोक्याला टोपी. नितेशने खुर्ची दिली, सरबत दिलं आणि सहदेवला पुढे केलं.

"आजोबा, इथे रेल्वे लाइन होती का हो?"

"नाय."

"नक्की?"

"कसली लाइन? नुसतो चिखल होतो."

नितेशने समाधानाने मान डोलावली. पण मॅडम हसली. "लाइन होती, आजोबा. नकाशा आहे ना माझ्याकडे. फक्त या चाळीखाली नव्हती. ही बघा. मागे तो टॉवर आहे ना, त्याच्या स्विमिंग पूलखालून सरळ जात होती. तुमच्या चाळीचा काही संबंध नाही."

नितेशला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. सहदेवने टॅबवर वाकून पाहिलं. लाल रेघ, पट्टीने मारावी तशी सरळ, खाडीच्या दिशेने गेलेली. त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"थंय लाइन?" तो म्हणाला. "खुळी झालंस काय गे? थंय खाजण होता! भरतीक म्हशी बुडायच्या. थंय खडी टाकलीत तर सकाळपर्यंत गिळान टाकीत. लाइन थंय कोण घालतलो?"

"काका," नितेश म्हणाला.

"तू गप रे! ह्या चाळीखालसून गेली लाइन. चाळ वाकडी कित्याक, विचारलात कधी? वळण होता हय! विहिरीकडसून सुरू व्हायचा."

आणि ऐंशी उलटलेला सहदेव विहिरीपासून चालायला लागला. रुळांखालच्या स्लीपरवर पडायचं तसं मापात पाऊल, ना कमी ना जास्त. सपनाच्या दारातलं तुळशीवृंदावन त्याने बरोबर मधोमध ओलांडलं. शिवदासच्या बाथरूमच्या भिंतीला अडला तेव्हा ती हाताने थोपटून म्हणाला, "हय फाटक." दारोदारी माणसं उभी. आपापल्या फ्लॅटमधून गाडी जाताना सगळे बघत होते.

मॅडमने सगळं ऐकून घेतलं. "आजोबा, कागद आहे काही? नोकरीचं पुस्तक?"

"पुरात गेला."

"आणि मगाशी तर लाइनच नव्हती म्हणालात."

नितेशने संधी साधली. मॅडमच्या कानाशी जाऊन, पण सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "वय झालंय हो. गेल्या आठवड्यात इथे विमानतळ होता म्हणत होते."

मॅडमने मायेने मान हलवली आणि कागदावर लिहिलं, 'स्थानिक वृद्धांना नीट स्मरण नाही. नकाशा मान्य.' मग सहीसाठी पेन पुढे केलं.

एकोणीस नंबरच्या दारात त्याची बायको रत्नप्रभा उभी होती. लग्न होऊन ती याच लाइनीवरून, त्या एकुलत्या डब्यात बसून आली होती. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "करा सही. लाइन खय पळान जाता?"

सहदेवने सही केली.

"काय अ‍ॅक्टिंग केलीत काका! झकास!" नितेश त्याची पाठ थोपटत म्हणाला. "मला वाटलं वाट लागली. खरं सांगून खोटं पाडायचं, हे डोकं आमच्यात नाही." कुणीतरी पेढ्यांचा पुडा फोडला. सहदेवला दोन दिले.

मॅडम निघता निघता थांबली. "एक राहिलंच. लाइन बंद झाली ती एकसष्ट साली, बरोबर ना?"

लाइन बंद झाली अडुसष्टात. सहदेव तिच्यावर लागला तोच मुळी त्रेसष्टात.

सगळी चाळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. नितेशचा हात अजून पाठीवरच होता, पण आता थोपटत नव्हता.

"आसात तसाच," सहदेव म्हणाला.

मॅडमने एकसष्ट लिहिलं.