गाळलेलं चित्र

किसाबुरो म्हणजे अख्ख्या गावाचा वात्रट. जत्रेत सोंग काढावं तर त्यानंच. म्हणूनच बंद पडलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करायची ठरली तेव्हा गावाला पटवायला कंपनीनं त्याला उभं केलं. आधी शहरातला साहेब बोलून गेला होता. म्हातारे माना डोलवत ऐकत होते, तसेच झोपून गेले.

किसाबुरोनं भाषणाची पार काटछाट केली. आकडे हाकलले. भट्टी म्हणजे न्हाणीघरातला बंबच की, नुसता जरा मोठा. बायकांना विजेचं कमी बिल, कोळ्यांना बर्फाचा कारखाना. राहिलं पडद्यावर दाखवायचं शेवटचं चित्र: काही झालं तर पळायचा रस्ता. डोंगर आणि समुद्राच्या मधून जाणारा एकुलता एक. मागच्या भूकंपात तोच दरडीखाली गेला होता. लोक उगाच घाबरतील, असं साहेब म्हणाला. किसाबुरोलाही ते पटलं. चित्र गेलं.

सभेत त्यानं धमाल उडवली. "भट्टी माझ्या बायकोपेक्षा बरी," तो म्हणाला. "तापली तर पाणी ओतून थंड तरी होते." लोक हसून हसून लोळायचे बाकी होते.

तिसऱ्या रांगेत त्याची थोरली बहीण तोमिए तोंडावर हात धरून हसत होती. तिचा नवरा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. लेक दूर डोंगरापलीकडे बोलवत होती, सामान हलवायला रविवारचा ट्रकसुद्धा सांगून ठेवलेला. पण घर सोडायला तिचं मन घेईना. किसाचं ऐकते आणि मग ठरवते, असं तिनं लेकीला कळवलं होतं.

सभा सुटल्यावर दाराशी सभागृहातल्या चपला काढून आपापले बूट घालायची गर्दी झाली. तोमिएनं त्याची बाही धरली.

"किसा, खरं सांग. काही झालं तर मी ह्यांना पाठीवर घेऊन कुठनं जायचं?"

साहेब शेजारीच उभा होता. चार शेजारणी कान देऊन.

"ताई, तुझ्या पाठीवर बसले तर दाजी रस्ताभर कुरकुर करतील, जरा हळू चालव म्हणून."

शेजारणी खिदळल्या. तोमिएलाही हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसत ती म्हणाली, "मग राहतेच मी. त्या ट्रकवाल्याला नको म्हणून कळव बाबा, मला तुझा फोन जमत नाही."

त्यानं फोन लावला. ट्रकवाल्यानं विचारलं, दुसरा दिवस लिहून ठेवू का?

तोमिए वाकून बूट चढवत होती. यंदा परसात मुळा लावीन म्हणते, असं शेजारणीला सांगत होती.

"नको," किसाबुरो म्हणाला.