मनीचं नवं नाव

मी एक प्लगिन बोलतेय. मला स्वतःचं घरदार नाही. ध्वनिमुद्रण दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या प्रोग्रामला मी जोडली जाते आणि जुन्या कॅसेटमधली खरखर काढते. एवढंच माझं काम.

मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने लिहिलं, दुकानामागच्या खोलीत, सोल्डरच्या वासात. नाव ठेवलं ‘मनी’. धाकट्या बहिणीला तो अशी हाक मारायचा. दुसरं कुणी मारत नसे. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या एका संचात त्याने माझं याच नावाचं पॅकेज ठेवलं, म्हणजे कुणालाही मला आपल्या संगणकावर घेता येईल.

तो गेला, आणि माझी देखभाल बहिणीकडे आली. तीही प्रोग्राम लिहिणारी. थोड्याच दिवसांत संच सांभाळणाऱ्या मंडळींचा निरोप आला: सगळ्या प्लगिनची नावं एकाच पद्धतीची हवीत. आधी मूळ प्रोग्रामचं नाव, मग ‘प्लगिन’, मग काम.

तिने त्या मंडळींतल्या सर्वांत वडीलधाऱ्यांना फोन लावला. त्यांना सगळे आजोबाच म्हणत.

“आजोबा, दादाने ठेवलंय हो ते नाव. राहू द्या ना.”

“अगं, खरखर काढायला कुणी ‘मनी’ शोधेल का? मांजर समजून पुढ्यात दूध ठेवतील.”

तिला हसू आलं.

“मनी कुणाला सापडलीच नाही, तर दादाने एवढा जीव ओतला तो कशाला?” आजोबा हळू आवाजात म्हणाले.

तिने नाव बदललं. पण नवं पॅकेज जुन्याची जागा घेणार आहे, हे त्यात लिहायचं राहिलं. चाचणीत जुनी मी आणि नवी मी एकाच फाइलवर हक्क सांगत बसलो आणि इन्स्टॉल अडलं.

“जुनीला निरोप द्यायचा राहिला की गं,” आजोबा म्हणाले.

निरोपाची ती एक ओळ लिहायला तिला अख्खी दुपार लागली.

मग अपडेट निघालं. कधी न पाहिलेल्या खोल्यांतल्या संगणकांवरून मनी उतरली, त्याच जागी मी चढले. कुणाचं काम थांबलं नाही. वळून पाहिलं तर नावांच्या यादीत माझ्या मागेपुढे माझ्यासारख्याच कितीतरी: प्रतिध्वनी घालणाऱ्या, सूर जुळवणाऱ्या, वेग कमी करणाऱ्या. एकमेकांना कधी न भेटलेल्या, एकमेकांची भाषाही न कळणाऱ्या माणसांनी आम्हाला एका रांगेत उभं केलं होतं. ना कुणाचा धाक, ना कुणाचा पगार. नुसतं ठरलं होतं, आणि सगळे पाळत होते. मला ते अजूनही खरं वाटत नाही.

परवा एका अनोळखी बाईंचा मेल आला. ‘प्रोग्रामचं नाव टाइप केलं, तर खाली हे प्लगिन दिसलं. वडिलांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. लिहिणाऱ्याला कळवाल का?’

बहिणीने उत्तर लिहिलं, ‘कळवते.’

तुमच्या घरी अशी एखादी कॅसेट असेल, तर उशीर करू नका. खरखर मी काढीन. फितीवरून पुसून गेलेला आवाज मला आणता येत नाही.