पावणेदोन मणांत मावेल तेवढं

बकुळला पाजून शरदिनी उठली, झोल्याचं तोंड उघडून तिनं आत हात घातला, तर बोटांना काहीतरी गार लागलं. तेवढ्या वेळात कुणीतरी पुन्हा डाव साधला होता. तिनं ते ओढून बाहेर काढलं. अडकित्ता! चांगला थोरला, पितळेचा, मोराच्या आकाराचा.

“हा कुणाचा?”

“माझा,” स्वयंपाकघरातून जाऊबाई प्रेमलेचा आवाज आला. “म्हणजे आमच्या मावशीला द्यायचाय. कराचीत धड अडकित्ता मिळत नाही म्हणे.”

“मग तिथं सुपारी दातांनी फोडतात का हो, वहिनी?”

“एवढासा तर आहे! तुला काय तो डोक्यावर घेऊन उडायचंय? उडणार विमान. तू नुसती बसणार.”

शरदिनीनं अडकित्ता खिडकीत ठेवला. सकाळपासून खिडकीत ठेवलेली ही चौथी की पाचवी वस्तू. संध्याकाळच्या गाडीनं काशीहून इलाहाबाद गाठायचं होतं, उद्या सकाळी बमरौलीच्या मैदानातून विमान सुटायचं होतं, आणि अजून झोला काही भरून होत नव्हता. भरून होत नव्हता म्हणजे काय, नको इतका भरत होता.

कराचीत तिचे वडील अंथरुणाला खिळले होते. मराठी शाळेत जन्मभर पोरांना खड्या आवाजात पाढे शिकवलेला माणूस; अर्धांगाचा झटका आला आणि जीभ जड झाली. आता त्यांच्या तोंडून दोनच शब्द नीट निघत. एक ‘पाणी’ आणि दुसरा ‘बकुळ’. नातीला त्यांनी पाहिलंच नव्हतं. आगगाडीनं जायचं तर गाड्या बदलत बदलत किती दिवस जातील, आणि वडिलांपाशी तेवढे दिवस आहेत की नाहीत, हे कुणी सांगावं? पण तिचा धाकटा भाऊ बिंदुमाधव टपालाच्या याच विमानात बिनतारी यंत्रावर कामाला होता. थैल्यांशेजारची एकुलती एक जागा त्यानं साहेबाच्या हातापाया पडून बहिणीसाठी मिळवली. सासरे दिनानाथशास्त्री यांनी दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि समुद्र ओलांडत नसल्यानं दोष नाही, असा निर्णय दिला. इथवर सगळं देवानंच जमवून आणल्यासारखं झालं. पुढचं माणसांवर आलं.

गेल्या आठवड्यात बिंदुमाधव स्वतः येऊन बजावून गेला होता. “ताई, विमानाला माणूस आणि गाठोडं यांतला फरक कळत नाही. तू, बकुळ आणि सामान, सगळं मिळून पावणेदोन मण. वर पावशेर गेलं तरी साहेब काट्यावरून उतरवील. ट्रंक आणू नकोस, रिकामी ट्रंकच निम्मं वजन खाते. कापडी झोला घे. लुगड्यांच्या घड्या घालू नकोस, गुंडाळ्या कर. आणि पोकळ दिसेल त्यात काहीतरी कोंब.”

तसंच तिनं केलं होतं. दोन लुगडी पिळून वळकट्या केल्या. लोट्यात पेला, पेल्यात वाटी, वाटीत बकुळचे लंगोट. बाळगुटीची सहाण जड म्हणून घरीच ठेवली. कराचीत दगडाला काही तोटा नसेल. वडिलांसाठी गंगेच्या पाण्यानं भरलेली, बोटभर उंचीची, तोंड डाग देऊन बंद केलेली एक गंगाजळी. बस्स. झोला असा सुरेख झाला होता की तिलाच त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं.

मग नवऱ्याला अवदसा आठवली. शिवराम तसे भले, पण कुठल्याही गोष्टीची खातरजमा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते तिला घोड्याच्या एक्क्यातून विश्वेश्वरगंजात घेऊन गेले आणि धान्याच्या काट्यावर, तांदळाच्या पोत्यांच्या रांगेत, चारचौघांदेखत तोलवून आणलं. “बहूजी तो सूखी हैं,” असं तोलणारा वर म्हणाला. बकुळला कडेवर घेऊनही ती सव्वा मणसुद्धा भरली नाही. हा अपमान तिनं गिळलाही असता, पण शिवराम घरी येऊन मोठ्यानं म्हणाले, “अर्धा मण जागा शिल्लक!”

झालं. तिच्या अंगावर जे मांस नव्हतं, त्याचे मालक ब्रह्मा घाटावर घरोघर निघाले.

काशीतून बाहेर पडणाऱ्याच्या हाती गंगाजळी दिल्याशिवाय या आळीत कुणाला घास उतरत नाही. शेजारचे ढुंढिराजभटजी तर कळशीच घेऊन आले. छोटी गंगाजळी नव्हे, कळशी. कराचीत त्यांचे एक यजमान होते.

“भटजीकाका, एवढी कशी नेऊ?”

“गंगेला नाही म्हणतेस?” भटजींनी डोळे मोठे केले.

“गंगेला नाही म्हणत. तांब्याला म्हणते.”

“वाळकी आहेस, पण जीभ मात्र वजनदार,” असं म्हणून त्यांनी कळशी ओटीवर ठेवली ती ठेवलीच. पाठोपाठ आनंदीकाकूंचं लोणचं आलं, चिनी मातीच्या बरणीसकट. कुणाच्या भाचीसाठी जरीचा शालू आला. आणि सासूबाईंनी, अन्नपूर्णाबाईंनी, शिंगाड्याच्या लाडवांचा पितळी डबा आणून झोल्याशेजारी ठेवला.

“सासूबाई, डब्याचंच वजन...”

“हातात धर मग. हातातलं कोण तोलतं?”

“हातही तोलतात.”

“कसली मेली आगाऊ माणसं!” सासूबाई म्हणाल्या आणि तिथंच बसून घेतलं. मग पदराशी चाळा करत, फार विचार करून सुचल्यासारखं बोलल्या, “मी म्हणते, बकुळला ठेव की इथं. वरणभात खाते आता. तिचे दहा शेर वाचले की सगळ्यांचं सामान बसेल. कुणाचं मन मोडायला नको.”

शरदिनीला आधी वाटलं, थट्टा आहे. तिनं शिवरामांकडे पाहिलं. शिवराम बोटांवर हिशेब करत होते.

“आई म्हणते ते वजनाला धरून आहे,” ते म्हणाले.

“अहो! बाबांना बघायचंय ते कुणाला? लोणच्याच्या बरणीला?”

“तसं नाही गं. पण लोकांनी आशेनं...”

“तुम्ही गप्प बसा,” ती म्हणाली. असं ती नवऱ्याला कधी म्हणाली नव्हती. रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. आपल्याच पोटच्या पोरीसाठी आपल्याच सामानात जागा मागायची! तिनं झोल्यातली लुगडी उगीच बाहेर काढली, उगीच पुन्हा गुंडाळली. माजघराच्या उंबऱ्यात बकुळ ढुंढिराजभटजींच्या कळशीवर वाटी बडवत बसली होती आणि त्या नादावर स्वतःच डोलत होती.

शरदिनीनं लेकीकडे पाहता पाहता मागच्या अंगणाकडे पाहिलं. तिथं तुळईला सासऱ्यांची मोठी तुला टांगलेली होती. घाटावर कुणा यजमानाचं तुलादान असलं की दिनानाथशास्त्री ती घेऊन जात. दोन दिवसांनी कुणाचंसं होतं, म्हणून साखळ्यांना तेल देऊन ठेवलं होतं.

ती उठली. कळशी उचलली आणि नेऊन एका पारड्यात ठेवली. मग बरणी, शालू, अडकित्ता, लहानमोठ्या गंगाजळ्या, सगळ्यांत शेवटी लाडवांचा डबा. खिडकी रिकामी झाली.

“हे काय चाललंय?” प्रेमला बाहेर आली. गडबड ऐकून आनंदीकाकू आणि ढुंढिराजभटजीही मागच्या दारानं आत आले.

“तोलून बघते. बकुळ जड की हे जड.”

“हं, हे बरं!” भटजी खूश झाले. “ठरून जाऊ दे एकदाचं.”

शरदिनीनं बकुळला कडेवर घेतलं, दुसऱ्या पारड्यापाशी गेली आणि ओसरीकडे वळून म्हणाली, “मामंजी, एक विचारू? तुळेचा नियम काय हो?”

दिनानाथशास्त्री जपात होते. पण शास्त्राचा प्रश्न विचारला की त्यांच्यानं राहवत नसे. “एका पारड्यात माणूस बसला की दुसऱ्या पारड्यात असेल ते सगळं दान. परत घरात येत नाही. का गं?”

“काही नाही. बकुळला बसवत होते.”

 शरदिनीनं बकुळला दोन्ही हातांनी उचलून पारड्यावर अधांतरी धरलं. पोरीला वाटलं खेळच आहे. ती पाय झाडून खिदळायला लागली.

“मालकांनो, पोर जड आहे हो. माझे हात भरून येतायत. काढायचं ते काढा.”

“अगं थांब, थांब!” भटजी धोतर सावरत धावले. “यजमानाची कळशी आहे ती!”

“गंगेला नाही म्हणता, काका?”

“गंगेला नाही म्हणत,” भटजी कळशी पोटाशी धरत पुटपुटले, “तांब्याला म्हणतो.”

प्रेमलेनं अडकित्ता उचलला, आनंदीकाकूंनी बरणी. शालू गेला, गंगाजळ्या गेल्या. बघता बघता पारडं मोकळं झालं. राहिला फक्त लाडवांचा डबा. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

“सासूबाई, तुमचा डबा.”

“मी नाही काढणार.”

“दान होईल.”

“होऊ दे.” त्यांचा आवाज एकदम चिरकला. “लाडू काय कराचीच्या लोकांसाठी केलेत मी? अंगावर पाजतेस, तुझ्यासाठी केलेत. आणि सामानाचं काय घेऊन बसलीस! एवढंसं पोर आभाळात न्यायचं... वर भूक लागली, घाबरली, कानांत दडे बसले, म्हणजे कुणी बघायचं?”

“मी,” शरदिनी म्हणाली. “म्हणून तर दोघींनी जायचं. तिला इथं ठेवलं असतं, तर मला कुणी बघितलं असतं?”

 शरदिनीचे हात आता खरोखरच भरून आले होते. तिनं बकुळला पारड्यात टेकवलं. साखळ्या करकरल्या, बकुळ खाली गेली आणि डबा टुणकन वर चढला. दिनानाथशास्त्र्यांनी सवयीनं पळीभर पाणी सोडलं.

“झालं दान. आता द्यायचं कुणाला, ते ठरवा.”

“त्यात काय ठरवायचंय?” सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं. “बिंदुमाधवाला द्या. ब्राह्मण आहे. आणि त्याचं वजन काही या दोघींच्यात धरत नाहीत.”

शिवरामांनी बोटांवर हिशेब केला आणि मान डोलावली. शरदिनीनं कपाळावर हात मारून घेतला. सगळ्या आळीला तिनं हरवलं होतं, पण या एका बाईपुढं तिचं काही चालायचं नाही. डबा नवऱ्याच्या हातात देऊन ती पुन्हा झोल्यापाशी बसली. दुपार टळत आली होती. लोट्यात पेला, पेल्यात वाटी, वाटीत लंगोट.

एक्का दाराशी येऊन उभा राहिला तेव्हा सासूबाई देवघरातून आल्या. वातींच्या कापसाच्या दोन मऊ गोळ्या त्यांनी सुनेच्या मुठीत घातल्या.

“वर चढलीस की तिच्या कानांत घाल,” त्या म्हणाल्या. “आणि त्या साहेबाला सांग म्हणावं, याचं वजन होत नाही.”