पाण्यात मिटलेला पंजा

मी एक जुना पंजा आहे. दचकू नका मित्रांनो, हातावर चढवायचा, प्लास्टिकचा आहे! पण आत कुणाचाच हात नसताना मी हललो, हे मात्र खरं.

भोरच्या कॉलेजात डॉ. सुलक्षणाबाईंनी मला घडवलं. वेल्ह्याची ही मुलगी पुण्यात पॉलिमर रसायनशास्त्र शिकली, परदेशात संशोधन करून परतली. पहिला आकार लक्षात ठेवणारं प्लास्टिक बनवायचं, हाच तिचा ध्यास. स्वतःच्या उघड्या हातावरून बाईंनी माझा साचा घेतला. मला कसंही वाकवा, कोमट पाण्यात घाला, मी पुन्हा त्यांच्या हातासारखा होणार!

मी होतो त्यांच्या आईसाठी. वेल्ह्यात एकट्या राहणाऱ्या रतनबाईंची बोटं संधिवातानं आखडली होती. रोज सकाळी त्या मला हातावर चढवत आणि घमेल्यातल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसत. मी हळूहळू त्यांची बोटं उघडत असे.

"बया, पोरगीच हात धरून बसलीया जणू," त्या म्हणत.

पोरगी मात्र येत नव्हती. शोधनिबंध, परिषदा, पुरस्कार. माझं कौतुक तर विचारूच नका. सहा वर्षं तो हात मीच धरला. मग एका सकाळी तो माझ्या आतच गार पडला. पाणी अजून कोमट होतं.

रतनबाई गेल्यावर बाईंनी मला कॉलेजात परत आणलं. मागच्या महिन्यात तिथं तज्ज्ञ आले. इतकी वर्षं वापरूनही मी पहिला आकार विसरलो नाही, एवढं दिसलं की बाईंच्या संशोधनाला पुढची मान्यता मिळणार होती. मला उलटं वाकवून कोमट पाण्यात सोडलं. उघडायचं सोडून मी मिटू लागलो. करंगळी शेजारच्या बोटाखाली शिरली, अंगठा आत वळला. रतनबाईंचा हात होता तो, अगदी तस्साच.

"मॅडम, नवीन पंजा आणू का?" सहकारी इंद्रजित कुजबुजला. "कुणाला कळणार नाही."

"नको. हा पहिला आकार विसरलाय, तसंच लिहा," बाई तज्ज्ञांना म्हणाल्या. मग त्यांनी आपला हात पाण्यात घातला, माझ्या बोटांत. मी तो धरला. पाणी निवलं, मी कडक झालो. त्यांचा हात निघेना.

"गरम पाणी आणतो, मॅडम."

"ऱ्हाऊ दे रं. आयनं धरलंय."

आता मी काचेच्या कपाटात असतो. कधी उन्हानं काच तापली की माझी बोटं आपोआप हलतात, कुणाला तरी जवळ बोलावल्यासारखी. मित्रांनो, मला जपलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरी एखादा हात वाट बघत असेल, तर तो उबदार आहे तोवर धरा.