गुरुवारी डोंगर विसावा घेतो

सौरभ हे लिहिणारच नव्हता. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. आचार्यांबद्दल लिहायला त्याची काहीच हरकत नव्हती. पण मग चेतनचं नाव लिहावं लागतं, आणि चेतन त्याचा शाळेपासूनचा मित्र. शेवटी बुधवारी पहाटे तिसऱ्यांदा बसला आणि जमेल तसं, तुकड्यातुकड्यानं लिहून काढलं.

तर, रविवारची सकाळ. लोणी काळभोरच्या पुढे, डोंगराच्या अंगावर नवंकोरं ध्यानमंदिर. पायथ्याशी आयटी कंपन्यांच्या तीन बस. गळ्यातलं ओळखपत्र सुटीच्या दिवशीही न काढलेली पोरं, कर्वेनगरच्या काकूंचा घोळका, चपलांचा हा ढीग. वर लाकडी फळ्यांचा मोठा हॉल. समोर बुद्धाची सुंदर मूर्ती, आणि तिच्या पुढ्यात, तिला बऱ्यापैकी झाकून बसलेले आचार्य.

"डोळे मिटा," माइकवरून मधाळ आवाज आला. "या डोंगराच्या पोटात अडीच हजार वर्षांची साधना साठली आहे. आता ती तुमच्यात डाउनलोड होणार. मांडीतून मणक्यात, मणक्यातून मस्तकात. पेशीपेशीतला व्हायरस निघून जाणार. फक्त शंका घेऊ नका. शंका घेतली की कनेक्शन तुटतं."

आणि खरंच, बसल्या जागी बारीक थरथर सुरू झाली. मांडीत मुंग्या, मग कंबर, मग पाठ. कुणी हुंदके द्यायला लागलं, कुणी पुटपुटायला. सौरभच्याही अंगावर काटा आला. शेजारी त्याची आई, चंद्रभागा, घळाघळा रडत होती.

आईच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. मग चेतन घरी आला आणि म्हणाला, "काकू, एकदा तिथं बसून तर बघा." काकू बसल्या. एकदा, दोनदा, चारदा. आणि तारीख रद्द करून आल्या.

"विरघळतीये," ती म्हणायची. "मला कळतं ना."

"आई, गाठ काय साखरेची आहे विरघळायला?"

"तू स्वतः बसलास ना? थरथरलं ना तुला? मग?"

सौरभनं होकारार्थी मान हलवली. थरथरलं होतं.

पुढच्या गुरुवारी तिला परत जायचं होतं. सौरभनं रजा टाकली, वर चढून बघतात तर दाराला पाटी: 'गुरुवारी स्पंदन-मौन. आज डोंगर विसावा घेतो.' आईनं पाटीलाच हात जोडले. खाली सर्जेरावांच्या टपरीवर दोघं चहाला बसले.

"मामा, हे वरचं दर गुरुवारी बंद असतं का?"

"मंग? गुरवारी लाईट कवा असती हितं? दुरुस्तीला बंदच ठेवत्यात." सर्जेरावांनी चहा गाळता गाळता सांगितलं. "वर इन्वर्टर हाय, पण त्याच्यावर पंखं तेवढं फिरत्यात."

सौरभचा कप हातातच राहिला. तो सॉफ्टवेअर टेस्टर, तोही कुठली डिग्री न घेता, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. एखादी गोष्ट नेमकी केव्हा बंद पडते हे शोधणं, हीच त्याची नोकरी. अडीच हजार वर्षांची साधना लाईट गेली की बंद पडते?

रविवारी तो आईला घेऊन परत गेला. थरथर सुरू झाली तसे त्यानं डोळे उघडले, जेवणाच्या डब्याचं झाकण जमिनीवर उलटं ठेवलं आणि त्यात घरून आणलेली चिमूटभर मोहरी टाकली. मोहरी थुईथुई नाचायला लागली. झाकण हातात उचललं, मोहरी गप्प. खाली ठेवलं, पुन्हा नाच.

"आई, डोळे उघड."

"गप रे, कनेक्शन तुटेल."

"मोहरीला पण साधना चढलीये. बघ तर."

ती बघत राहिली. सौरभ उठून बाहेर आला. हॉलची मागची बाजू कातळावर टेकलेली, पुढची खांबांवर. खांबांच्या मधल्या जागेला पत्र्याचं दार, नुसती कडी घातलेली. आत वाकून बघितलं तर फळ्यांखालच्या तुळयांना वाटीएवढे काळे गोळे स्क्रूनं आवळलेले. सिनेमाच्या थिएटरात खुर्ची हादरवायला बसवतात ते. आवाज नाही, नुसता हादरा.

इथपर्यंत त्याला गंमतच वाटत होती. मग त्यानं वायरी बघितल्या. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेल्या, टोकाला लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके. वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला सलग सहा वर्षं त्यानं आणि चेतननं स्पीकर लावले होते. वायरी अशा फक्त चेतनच बांधतो.

सौरभ तसाच वाकून उभा राहिला. मग त्यानं मुख्य पिन उपटली.

वर माइक वेगळ्या लाइनवर होता. "आता बघा," आचार्य म्हणत होते, "स्पंदन दुप्पट होतंय. जाणवतंय ना?"

आणि मग त्याच्या आईचा आवाज. "नाही हो. बंद पडलंय."

सौरभनं खालून सगळ्यांना हाका मारल्या, आणि पाच मिनिटांत अर्धा हॉल त्या पत्र्याच्या दाराशी. आचार्य म्हणाले, हे यंत्र फक्त डोंगराची ऊर्जा वाढवतं. कर्वेनगरच्या एका काकूंनी चष्मा पुसत विचारलं, "आणि डोंगराचं लाईटबिल आपण भरता का?"

चंद्रभागा हसली नाही. "माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले," ती आचार्यांना म्हणाली. "आणि मी तुमच्या पाया पडत होते. बुद्धानं तपासून घ्या म्हणून सांगितलंय, मी डोळे मिटून बसले." मग लोकांकडे वळली. "ध्यान करा, खुशाल करा, मन शांत होतं. पण दुखणं डॉक्टरला दाखवा. आणि शंका घेऊ नका असं कुणी म्हणालं, की पहिली शंका त्याच्यावरच घ्या."

डोंगर उतरताना ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव." मंगळवारची तारीख मिळाली.

दुपारी सौरभ चेतनच्या साउंडच्या दुकानात गेला. चेतननं त्याचा चेहरा बघूनच हातातला सोल्डरिंगचा दांडा खाली ठेवला.

"कामाची ऑर्डर होती रे. मूड लागायला बसवतोय, असं म्हणाले ते."

"आणि आईला तिथं बसायला सांगितलंस? ती थरथर कशाची ते तुला माहीत होतं."

"माणसं आणा म्हणाले होते, म्हणजे पुढचं काम मिळेल. काकू घाबरल्या होत्या. म्हटलं, जरा बरं वाटेल त्यांना."

"तिनं तारीख रद्द केली, ते कळलं होतं तुला?"

चेतननं सोल्डरिंगची पिन काढली. "कळलं होतं," तो म्हणाला. "काकूंना नको सांगूस, सौरभ. तुझ्या घरी जेवलोय मी."

सौरभ दारापर्यंत गेला आणि थांबला.

"मंगळवारपर्यंत काही बोलत नाही. पण हे सगळं मी लिहिणार आहे आणि बुधवारी ती शुद्धीत आली की तिला वाचून दाखवणार आहे. त्याआधी तू स्वतः येऊन तिला सांगितलंस, तर यातून तुझं नाव काढून टाकीन. वचन देतो, चेतन."