तेलवाल्याचा सेट

भिवाच्या एरियलवर मी एकदा बोंबील वाळत घातले होते. खोटं कशाला बोलू?

वरळीच्या बीडीडीत त्यानं गच्चीवर ह्या चाळीपासून त्या चाळीपर्यंत तांब्याची तार ताणली होती. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी, ती माझ्या नवऱ्याच्या होडीवरची. गाठी पण त्यानंच, जगननंच, मारलेल्या. म्हणजे अर्धी तार आमचीच की! ऊन चांगलं पडलं होतं. मी दीड डझन बोंबील जोडीजोडीनं अडकवून टाकले. खाली खोलीत भिवा रेडिओच्या सेटवरून बेंगलोरच्या कुणाशी तरी बोलत होता. तो तिकडून म्हणाला, तुमचा आवाज एकदम बसला. भिवानं तासभर सेट उघडून काय काय बघितलं. मग वास आला, तेव्हा वर आला.

"ताई, ही एरियल हाय!"

"मग? मी कुठं म्हटलं कपड्याची दोरी हाय म्हणून?"

आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मासे मात्र घेतले, त्याची बायको सुंदराबाई घेते म्हणून.

भिवा मिलमध्ये त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, तेलवाला होता. हजारो चात्यांना तेल द्यायचं, हेच काम, अठरा वर्षं. रेडिओचं वेड त्याला मावसभावानं, बुधाजीनं लावलं. बुधाजी लष्करात सिग्नलला होता. त्यानं तारेचं कट्टकडकट्ट शिकवलं, परीक्षेला बसवलं, आणि हवेत बोलायचं सरकारचं लायसन मिळाल्यावर भिवानं घरीच सेट बांधला. लॅमिंग्टन रोडवर तुळशीदासशेठच्या दुकानात काचेआड जपानी सेट होते, चकचकीत, नुसतं बघून तोंडाला पाणी सुटावं असे. बुधाजी म्हणाला, "तो बिघडला तर सामान आणायला जपानला जाशील? ज्याचं सुटं सामान तुला पायी फिरून मिळेल, तोच सेट घे." म्हणून भिवाच्या सेटमध्ये सगळं मुंबईचं. पत्रा भंगारातला, ट्रान्सफॉर्मर ग्रँट रोडवर गुंडाळून घेतलेला, आणि बोलण्याला जोर देणारा मोठा व्हॉल्व्ह, आठशेसात नंबरचा, चोरबाजारातला. बांगड्याएवढा काचेचा व्हॉल्व्ह, डोक्यावर टोपी.

मग संप झाला. चौऱ्याऐंशी साल उजाडलं तरी भिवाच्या मिलचा भोंगा काही वाजला नाही. सुंदराबाई फॉल-पिको करायची, भिवा लोकांचे रेडिओ नीट करून द्यायचा, आणि दर रविवारी सकाळी नऊला सेटवर बसायचा. नऊला मुंबईतले सगळे असले लायसनवाले एका जागी जमतात, म्हणजे हवेत. त्याला ते नेट म्हणतात. त्या नेटचा मुकादम तुळशीदासशेठ. सुट्या सामानाचं ते दुकान त्याचंच.

त्याला दुरुस्तीच्या बाकड्यावर माणूस पाहिजे होता. फेब्रुवारीत त्यानं भिवाला दुकानात बोलावलं.

"तुझा हात चांगला आहे असं ऐकतो. पण तुझा स्वतःचाच सेट नेटवर सरकतो रे. सुरू करतोस एका जागी, पाच मिनिटांनी तुला शोधायला मला बटन फिरवावं लागतं. येत्या रविवारी पंधरा मिनिटं एका जागी उभा राहून बोलून दाखव. मग सोमवारपासून बाकडं तुझं."

भिवा घरी आला, सेट लावला, आणि आठशेसात लालेलाल होऊन गेला. म्हणजे मेलाच.

त्यानं पहिलं काय केलं असेल? गच्चीवर गेला. तार बघितली. मग पायरीवर बसलेल्या माझ्याकडे आला.

"ताई, खरं सांग. काय लटकवलं होतंस?"

"आईशप्पत, काही नाय."

"सुकट? मांदेली?"

"भिवा, तुझ्या नोकरीच्या आड मी सुकट टाकीन?"

त्याचा विश्वास बसला नाही. मला पहिल्यांदाच वाईट वाटलं, कारण ह्या खेपेला मी खरंच काही केलं नव्हतं. म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर व्हॉल्व्ह शोधायला. सोमवार होता. रविवारला सहा दिवस.

तुळशीदासशेठकडे आठशेसात संपले होते. लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्या दुकानात म्हणाले, आता ट्रान्झिस्टर घ्या, काका. मंगळवारी चोरबाजार. तिथं एका चादरीवर घड्याळं, नळाच्या तोट्या, मोटारीचे आरसे, आणि त्यात आठशेसात. भिवानं तो बघितला आणि त्याचा चेहरा असा उजळला, की चादरवाल्यानं भाव सांगायच्या आधी पानच थुंकलं. सांगितला तो भाव मी तुम्हाला सांगत नाही, मला अजून हसू येतं.

मी व्हॉल्व्ह उचलला. काचेच्या आत एक पांढरा डाग होता.

"हे पांढरं कसलं रे?"

भिवाचा चेहरा पडला. "चंदेरी असतं ते. पांढरं झालं म्हणजे आत हवा शिरली. गेला हा."

"म्हणजे शिळ्या मासळीसारखा डोळा पांढरा पडलाय! अरे, मग हे तर मला येतं." मी चादरवाल्याकडे वळले. "काय रे भाऊ, कालचा माल आज ताजा म्हणून विकतोस? आमच्या बाजारात असतास तर पाटीसकट उचलून फेकला असता."

परत येताना भिवाला मी दम दिला. "जी वस्तू पाहिजे तिच्याकडे बघायचं नाय. तू व्हॉल्व्हकडे असा बघतोस, जसं नवरीकडे."

"मग ओळखणार कसा?"

"मी ओळखीन. डोळा बघून."

लालबागला धोंडू म्हणून लाउडस्पीकरवाला आहे. गणपती, हळदी, बारसं, मागल्या दोन वर्षांत संपाच्या सभा, सगळीकडे धोंडूचे भोंगे. मला आठवलं, आमच्या कोळीवाड्यातल्या हळदीला तो पूर्वी आवाज वाढवायच्या पेटीचं एक मोठं धूड आणायचा, आत काचेचे दिवे तांबडे पेटायचे. बुधवारी मी पाटीत दोन पापलेटं घेतली आणि भिवाला घेऊन गेले. वाटेत बजावलं, "तू छताकडे बघ."

धूड पोटमाळ्यावर होतं, वर फाटक्या सतरंज्या. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

"धोंडू, मला तो भोंगा दे."

"कशाला गे?"

"चाळीत चार माळे चढते मी. खालूनच ओरडीन, पापलेट आलं म्हणून."

धोंडू हसायला लागला. "अख्खी वरळी मला मारायला येईल. नाय देणार."

"एक जुना दे."

"नाय म्हणतो ना!"

"दोन पापलेटं आणली रे तुझ्यासाठी, सकाळच्या जाळ्यातली." मी रुसून पाटी उचलली, दारापर्यंत गेले, आणि तिथून म्हटलं, "बरं, भोंगा नको. मग माझ्या सुनेला शोकेसमध्ये मांडायला त्या जुन्या पेटीतलं काचेचं काहीतरी दे. पापलेटं परत घेऊन काय जाऊ?"

"ते? घे की. पेटी जळलीय कधीची."

भिवा छताकडे बघत होता. इतकं बघत होता की धोंडूनं विचारलं, "ह्यांना काय झालंय?"

"मान धरलीय."

पेटीत चार आठशेसात होते. तिघांचे डोळे पांढरे. चौथ्याचा असा चकचकीत चंदेरी, की मीच जवळजवळ ओरडले. धोंडूनं तो फडक्यात गुंडाळून दिला. म्हणाला, "जपून हां. ह्याच्यावर संपाच्या गेट मीटिंगा केल्यात." भिवा तेव्हा छतावरून खाली आला. म्हणाला, "माहीत हाय. मी ऐकायला होतो." मी पापलेटं ओट्यावर ठेवली.

गुरुवारी व्हॉल्व्ह बसला. सेट लागला. सुंदराबाईनं दुसऱ्या जुन्या रेडिओवर भिवाचा आवाज पकडला. पाच मिनिटं ठीक. सहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "गेलात तुम्ही. डावीकडं गेलात." आणि इकडे व्हॉल्व्हच्या पोटात पत्रा लाल व्हायला लागला. भिवानं झटकन बटन बंद केलं. म्हणजे व्हॉल्व्ह आजारी नव्हताच! कसल्या तरी दुसऱ्याच दुखण्यानं पहिला मेला होता आणि आता हाही मरणार होता. दुसरा मिळणार नव्हता.

शुक्रवारभर त्यानं एकेक तार तपासली. जेवला नाही. सुंदराबाई मला म्हणाली, "बाय, शेठला सांगून येऊ का, पुढच्या रविवारी म्हणून?"

भिवा आतून म्हणाला, "त्याच्याकडे बाकड्यासाठी दुसरे दोघे येतात. थांबायचा नाय तो."

शनिवारी दुपारी मी पाटी रिकामी करून पाणी प्यायला बसले होते. भिवानं सेटचं झाकण काढलं, फडक्यानं पुसला, आणि कपाटावरून लांब चोचीची तेलाची कुपी काढली. मिलमधलीच, तेवढी एक वस्तू त्याच्याकडे राहिली होती. चोच सेटच्या पोटात घातली आणि बोटानं टिचकी दिली. टुक. एक थेंब. टुक. दुसरा.

"काय करतोस रे?"

"शनिवार नाय का? तेल देतो."

"ह्याला?"

"जे फिरतं त्याला तेल."

सुंदराबाई मशीनवरून म्हणाली, "घरात काय सोडलंय त्यांनी? पंखा, बिजागऱ्या, माझं मशीन, शेजारच्यांची सायकल. मिल बंद झाल्यापासून तर विचारू नको. पूर्वी महिन्यातून एकदा रेडिओला, आता दर शनिवारी. माझं लाटणं वाचलंय, मी लपवून ठेवते म्हणून."

मी नाक पुढं केलं. माझं नाक म्हणजे माझं दुकान आहे, भाऊ. गुरुवारी व्हॉल्व्ह लाल झाला तेव्हा जो वास आला होता, तोच. तापलेल्या तेलाचा.

"हे फिरतं ते काय हाय?"

"गँग कंडेन्सर. पत्र्यांच्या दोन जुड्या. एक दुसरीच्या मधून फिरते. त्यानंच जागा धरून राहतो सेट."

"पत्रे एकमेकांना घासतात?"

"छे! चिकटले तर संपलंच. मध्ये..." तो थांबला.

"मध्ये काय?"

"हवा पाहिजे," भिवा हळूच म्हणाला. "मध्ये नुसती हवा पाहिजे."

कुपी त्याच्या हातातच राहिली. मी आत वाकून बघितलं. पत्र्यांच्या मध्ये तेल, तेलावर धूळ, धुळीवर सुंदराबाईच्या शिवणाचा दोरा नि कापूस. त्रासन खातंच होतं सगळं.

"परीक्षेत लिहिलं होतंस ना रे हे?"

"लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळालेत."

मग मी जी हसले, ती सुंदराबाईपण हसायला लागली, आणि शेजारची जाईबाई दारात येऊन विचारायला लागली काय झालं. भिवा हसला नाही. उठला, दवाखान्याच्या कंपाउंडरकडून बाटलीभर स्पिरिट घेऊन आला, आणि संध्याकाळपर्यंत दाढीच्या ब्रशनं एकेक पत्रा धुतला. शंभरचा बल्ब लावून सुकवला. बल्बकडे मी पण बघत बसले. घरी जगनची भाकरी राहिली.

जाताना मी ती कुपी पाटीत टाकली. त्याला सांगितलं नाही.

रविवारी नऊला त्या खोलीत आम्ही तिघं. मला सेटच्या जवळ बसायला दिलं, पण अटीवर.

"ताई, लायसन माझं हाय. तुझा एक शब्द जरी हवेत गेला..."

"नाय रे बाबा."

"हसायचं पण नाय."

ही खरी शिक्षा होती. मी पदर तोंडात कोंबला.

तुळशीदासशेठ म्हणाला, बोल. भिवा बोलायला लागला. एरियल कशी, किती उंच, कुठल्या दिशेला. पाच मिनिटं. सुंदराबाई जुन्या रेडिओजवळ, बोट काट्यावर. सहावं मिनिट. तिनं मान हलवली, जागेवर हाय म्हणून. व्हॉल्व्हच्या पोटात काळं ते काळंच. भिवाचं बोलायचं संपलं म्हणून तो ट्रान्सफॉर्मरचे वेढे सांगायला लागला. बारा मिनिटं. पंधरा.

"ओव्हर," भिवा म्हणाला आणि बटन सोडलं.

शेठचा आवाज आला. "दगडासारखा उभा राहिलास. दोन वर्षं सरकत होतास. काय सापडलं? सगळ्यांना सांग, इतरांच्या पण कामाला येईल. ओव्हर."

भिवानं बटनावर बोट ठेवलं, दाबलं नाही. आमच्याकडे बघितलं. त्याला काय वाटत होतं ते मला कळलं. अख्खी मुंबई ऐकतेय. बाकड्यावर बसणारा माणूस काय सांगणार, मीच घाण केली म्हणून? व्हॉल्व्ह खराब होता म्हटलं की झालं. धोंडूच्या पेटीतला व्हॉल्व्ह काही बोलणार नव्हता. सुंदराबाई खाली बघत होती. माझ्या तोंडात पदर, मी काय सांगणार?

त्यानं बटन दाबलं.

"तेल," तो म्हणाला. "मी मिलमध्ये तेलवाला. दर शनिवारी गँगला तेल द्यायचो. मीच. काल धुतलं. ओव्हर."

सेटमधून नुसती खरखर. मग एक जण हसला, मग दुसरा, मग माटुंग्याचा कुणी मास्तर म्हणाला, मी पण एकदा गँगला व्हॅसलिन लावलं होतं. मग शेठ आला.

"भिवा, उद्या दहाला भेट. येताना तेलाची कुपी आणू नकोस. ओव्हर."

भिवानं "रॉजर" म्हणायला बटन दाबलं आणि नेमका तेव्हाच माझ्या तोंडातला पदर सुटला.

पुढच्या बोलण्यात शेठनं विचारलं, "मागे कोण होतं रे? सेटमध्ये काही फुटलं का?"

"नाय," भिवा म्हणाला, माझ्याकडे डोळे वटारून. "सेट ठीक हाय. मासळी आलीय दारात. ओव्हर."

सोमवारपासून तो बाकड्यावर बसतो. पहिल्या शनिवारी संध्याकाळी घरी येऊन कपाटावर हात फिरवला, मग खाटेखाली, मग मोरीत. सुंदराबाईला विचारलं, जाईबाईला विचारलं. शेवटी कोळीवाड्यात माझ्याकडे आला.

कुपी होडीवर आहे. जगन इंजिनाला तेल देतो तिनं. भिवाला मी सांगितलं, गच्चीवर बघ, एरियलला लटकवलीय.

गेला बिचारा चार माळे चढून.