कॅबिनेटच्या मागचा पंखा

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पाठीकडे एक गोल जाळी असते. तिथे फारसे कुणी वाकून पाहत नाही. त्या जाळीआड बसणारा मी एक जुना पंखा आहे. तळहाताएवढा, काळा, सात पात्यांचा. छताला लटकून मिरवणारे माझे थोरले भाऊबंद वेगळे. माझ्या वाऱ्याने आजवर कुणाचा घाम वाळला नाही. समोरच्या जाळीतून गार हवा आत यायची, यंत्रावरून फिरून तापायची आणि मी तिला मागून घालवून द्यायचो. एवढेच माझे काम.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. आठवते ते एका बाईंचे टेबल. त्या घरी बसून कॉम्प्युटरवर छपाईसाठी पुस्तकांची पाने जुळवत. त्यांचे वडील सुतार होते. हात थकल्यावर त्यांनी एक काम मनावर घेतले होते, आपल्या धंद्यातले शब्द लिहून ठेवायचे. हत्यारांची नावे, सांध्यांची नावे, लाकडाच्या खोडींची नावे. रोज सकाळी ते शेजारी बसून सांगत आणि लेक टाइप करी.

"लवकर लिही, माई," ते म्हणायचे. "माझ्या डोक्याला वाळवी लागलीय."

ते थट्टेत म्हणत, पण डॉक्टरांनीही तेच सांगितले होते. काल सांगितलेला शब्द आज विचारला तर ते गोंधळून जात. जे कॉम्प्युटरमध्ये गेले तेच उरणार होते. तीन वर्षांत सव्वादोन हजार शब्द झाले. दुसरी प्रत काढून ठेवायची हे लेकीच्या मनात होते, पण आज करू, उद्या करू, यात ते राहून गेले.

इकडे माझ्या पात्यांवर धुळीचा थर चढला आणि मी घरघरू लागलो. एके दुपारी लेक छापखान्यात गेली असताना वडिलांनी चार स्क्रू काढून मला बाहेर घेतले. रंगाच्या ब्रशने एकेक पाते झाडले, तेलाचा थेंब सोडला. इतक्या मायेने मला कधीच कुणी हातात धरले नव्हते. परत बसवताना मात्र ते थांबले.

"आत गरम होतं ना? मग वारा आतच जायला हवा," ते पुटपुटले. आणि त्यांनी मला उलटे तोंड करून बसवले.

संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "तुझ्या पंख्याची घरघर घालवली बघ."

"तुम्ही हात लावल्यावर त्याची काय बिशाद, बाबा," ती हसून म्हणाली.

माझ्या डोक्यावरच पॉवर सप्लाय आपली गरम हवा बाहेर टाकत असे. ती मागे अगदी जवळ असलेल्या भिंतीवर आपटली की मी लगेच आत ओढून घ्यायचो. आतली तापलेली हवा कोंडून राहू लागली. ज्या हार्ड डिस्कवर ते सारे शब्द होते, ती दिवसचे दिवस भाजत होती. कॉम्प्युटर मधेच बंद पडे, लेक वैतागून पुन्हा सुरू करी. मी आवाज करत नव्हतो, म्हणून माझ्यावर कुणाचा संशय गेला नाही. मित्रांनो, मी आळशी नव्हतो हो. जीव तोडून फिरत होतो, आणि जितका फिरत होतो तितके नुकसान करत होतो.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी डिस्क कटकट वाजली आणि कायमची बंद पडली. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडले.

"ताई, हा पंखा उलटा आहे. कडेला बाण असतो बघा, वारा कुठे जातो त्याचा. डिस्कमधलं काही निघेल असं वाटत नाही. दोन ठिकाणी पाठवून बघतो."

दोन्हीकडून नकार आला.

"पण उलटा बसवला कुणी?" वडिलांनी विचारले. त्यांना खरोखरच आठवत नव्हते.

लेकीने माझ्यावरचा तेलाचा डाग पाहिला. "मीच, बाबा. साफ करताना चुकलं."

"सुताराच्या घरात वाढलीस, आणि उलटं-सुलटं कळू नये तुला?"

ते फार रागावले. तिने खाली मान घालून सगळे ऐकून घेतले आणि त्यांची चूक पोटात घातली. मला वाचा असती तरी मीही खरे बोललो नसतो.

मित्रांनो, तुमच्या घरचा कॉम्प्युटर भिंतीला चिकटवू नका. अधूनमधून त्याच्या मागे हात धरा, आणि गरम हवा बाहेर येत नसेल तर आतल्याची विचारपूस करा. जे पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत मात्र आजच काढा.

आता मी सुलटा आहे. डिस्क नवी आहे, कॅबिनेट अगदी गार असते. काल वडिलांनी दोन्ही हात पुढे धरून हवेतच एक हत्यार चालवून दाखवले. हात अचूक चालत होते.

"याला काय म्हणतात, माई?" त्यांनी विचारले.

तो शब्द तिने स्वतः टाइप केला होता. तिलाही तो आठवला नाही.